पूर्ण भरलेला श्वास

"काका, अर्धाच श्वास घेतलात," काचेपलीकडून तंत्रज्ञ मुलीचा आवाज आला. "संगणक फुप्फुसातल्या व्रणांचा टक्का काढतो. फुप्फुस नीट फुगलं नाही, तर चांगला भागही तो व्रणांतच धरतो. आकडा उगाच वाढतो."

सीटीच्या पांढऱ्या कड्यात आडवे झालेले काटेवाले ऐकत होते, पण मनानं कुठंतरी तरंगत होते. कड्याची घरघर त्यांना लांबून येणाऱ्या ट्रकसारखी वाटत होती. जन्मभर त्यांनी वजनकाट्यावर ट्रक तोलले. आधी भरलेला, मग रिकामा. आता स्वतःच काट्यावर चढले होते, आणि माल काही भरत नव्हता.

गेल्या वर्षीचा आकडा एकोणीस. यंदा तो फार पुढं सरकला, तर तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून लेकीकडं तळमजल्यावर जायचं ठरलं होतं. ठरवलं बायकोनं. त्यांनी नुसती मान हलवली होती, कारण मान हलवायला दम लागत नाही.

"खोकला येईल म्हणून भितात ते," काचेमागं बसलेली बायको म्हणाली. "मी बोलू का जरा?"

तंत्रज्ञ मुलीनं माइक तिच्यापुढं सरकवला.

"अहो, ऐकलंत का? लोक म्हणायचे, तुमच्या काट्याला पासंग होता, वजन खोटं यायचं."

काटेवाल्यांची छाती तळापासून भरली. पूर्वी भांडणाआधी ते असा श्वास घ्यायचे, तेव्हा शेजारी हळूच आपापल्या खिडक्या उघडायचे.

"रोखा," यंत्र म्हणालं.

उत्तर ओठांशी अडलं. टेबल सरकू लागलं. त्या थांबलेल्या वेळात त्यांना काट्यावरची एक दुपार दिसली. ऊन धुळीत तरंगत होतं, भरलेला ट्रक आवाज न करता वर चढत होता, आणि सुई थरथरत थरथरत एका जागी निजली होती.

"सोडा."

श्वास गेला. त्याबरोबर उत्तरही गेलं.

ते शर्टाची बटणं लावत होते, तेव्हा काचेपलीकडं तंत्रज्ञ मुलगी पडद्यावर बोट ठेवून हळू आवाजात काही सांगत होती आणि बायको चष्मा पुसत होती. मग ती बाहेर आली, त्यांची कॉलर सारखी केली.

"काय आलं?"

"डॉक्टर सांगतील." ती जरा घुटमळली. "अहो, काट्याला पासंग नव्हता. ठाऊक आहे मला."

चाळीस वर्षांच्या संसारात तिनं टोमणे उधारीवर ठेवले होते, व्याजासकट वसूलही केले होते. परत एकही घेतला नव्हता.

काटेवाल्यांनी शेवटचं बटण लावलं.

"लेकीकडं," त्यांनी थांबून दम घेतला, "आपल्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे?"