शेजाऱ्याची साक्ष

कॉलेज चर्चचं, क्वार्टर चर्चचं, आणि मास्तर म्हणत तसं, अंगावरचा कोटही चर्चच्याच मेहेरबानीचा. भूगर्भशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. पण सत्र सुरू व्हायचा दिवस जवळ आला की अजूनही त्यांची झोप उडायची.

त्या दिवशी चॅपलमध्ये प्राध्यापकांची शपथ असे. बिशपसमोर, बायबलवर हात ठेवून सांगायचं, की धर्ममताविरुद्ध मी काही शिकवत नाही. एवढ्यावर भागलं असतं तर मास्तरांनी डोळे मिटून शपथ घेतली असती. आजवर घेतलीच होती. खरी मेख पुढे होती. मग शेजारच्या खुर्चीवरच्याने उठून साक्ष द्यायची, की याच्या तोंडून मी तसं काही ऐकलेलं नाही. गेल्या वर्षी तत्त्वज्ञानाचे सर शेजाऱ्याच्या साक्षीनेच नोकरीवरून गेले. घर रिकामं झालं, आणि आता स्टाफरूममध्ये त्यांचं नाव कुणी काढत नाही.

मास्तरांच्या शेजारी बसायचा त्यांचा धाकटा मेहुणा. धर्मशास्त्र शिकवायचा. नोकरी मास्तरांनीच लावून दिलेली. आणि नेमकी याच्यासमोर, रविवारी जेवताना, मास्तरांची जीभ घसरली. डोंगरावरच्या दगडात सापडलेले शिंपले दाखवता दाखवता ते म्हणून बसले, की हे काही जलप्रलयाचं काम नव्हे, पृथ्वी आपण मानतो त्याहून कितीतरी म्हातारी आहे, आणि वर्गात मी हेच सांगतो. मेहुण्याने चमचा खाली ठेवला. मग तो जेवलाच नाही.

"माझा भाऊ आहे तो," बायको म्हणाली, पण तिचाही धीर सुटला होता. हा गृहस्थ खऱ्यापुढे सख्ख्या आईचीही भीड न ठेवणारा. तिच्या भाजीत मीठ जास्त पडलं, तर तेही शपथेवर सांगेल असा.

शपथेच्या सकाळी मास्तरांना कोटाची बटणं लावता येईनात, बायकोने लावली. चॅपलमध्ये मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मास्तरांनी आपली शपथ घेतली, खोटी, सरावाने. मग मेहुणा उठला. बायबलवर हात ठेवून तो इतका वेळ गप्प राहिला, की बिशपनी चष्म्यावरून वर पाहिलं. मास्तरांना आपलं सामान रस्त्यावर दिसू लागलं.

"यांच्या तोंडून मी तसं काही ऐकलेलं नाही," मेहुणा म्हणाला.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. बाहेर आल्याबरोबर त्यांनी त्याचा हात धरला. तो गार पडला होता. आता कसली भीती, सुटलो आपण, असं मास्तर हसत म्हणाले.

"तुम्ही सुटलात, भाऊजी," तो म्हणाला. "तुम्ही नरक मानत नाही. मी मानतो."

मास्तर घाबरले, आणि या वेळी स्वतःसाठी नव्हे. नरकबिरक काही नसतो रे, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पायऱ्यांवरून बाकीचे प्राध्यापक उतरत होते. मास्तरांनी ते गिळलं.