गुडघा आत्ताचा, घोटा मघाचा

मी डबा बोलतोय. आज जरा चढ्या आवाजात बोलणार आहे. ज्यांना सोसणार नाही त्यांनी कानांवर हात ठेवावेत.

डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. करडा, विटेएवढा, पाठीला आठ भोकं असलेला. प्रत्येक भोकातून एक वायर निघते आणि भिंतीवरच्या एकेका कॅमेऱ्याला जाऊन मिळते. कारखान्यात जन्मलो तेव्हा मला एकच शब्द शिकवला, 'आत्ता'. मी 'आत्ता' म्हटलं की आठही कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी फोटो टिपायचा, आणि हे मी डोळ्याची पापणी लवेपर्यंत कितीतरी वेळा म्हणतो. दुसरं काही मला येत नाही.

मला आणलं ते मुलांची चाल मोजायच्या खोलीत. पाय वाकडा पडणारी, टाच न टेकणारी, चालता चालता धडपडणारी मुलं तिथे यायची. मोजणी करणारी ताई त्यांच्या कमरेला, गुडघ्यांना, घोट्यांना चमचमते मणी चिकटवायची. मूल खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, आम्ही टिपायचो, आणि पडद्यावर काड्यांचा एक माणूस तस्साच चालायला लागायचा. त्या काड्या बघून डॉक्टर ठरवायचे, व्यायाम पुरेल की हाड कापून सरळ करायचं.

ऐकलंत ना? हाड कापून. म्हणून मी एवढा कडक. एखादा कॅमेरा जरासा मागे राहिला, तरी तेवढ्यात पाऊल पुढे गेलेलं असतं. मग गुडघा आत्ताचा आणि घोटा मघाचा अशी काडी जोडली जाते आणि बरा पाय वाकडा दिसतो.

काही वर्षं छान गेली. ताई सकाळी आल्यावर आधी माझ्या वायरी चाचपायची, मग तिचा चहा. मुलं जाता जाता माझ्या हिरव्या दिव्याला टपली मारायची. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू.

मग खोली बघायला कुणी बडे पाहुणे येणार असं ठरलं आणि ताईच्या वरच्या साहेबांच्या डोळ्यांत माझ्या वायरी सलायला लागल्या.

"अहो मॅडम, हे काय जंजाळ? फोटोत किती घाण दिसेल," ते ताईला म्हणाले.

"सर, त्या वायरींमुळेच सगळे कॅमेरे एकदम टिपतात."

"प्रत्येक कॅमेऱ्यात घड्याळ आहे की. ते बघून घेतील आपलं आपण."

ताई एकदा बोलली, दुसऱ्यांदा बोलली नाही. वायरी निघाल्या, कपाटात गेल्या. पाहुणे आले, फोटो काढून गेले. वायरी काही परत लागल्या नाहीत. आणि मी? खोलीचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून मला त्याला टेकवून ठेवलं. आठ-आठ कॅमेऱ्यांना एका शब्दावर चालवणारा मी, दाराला लावायचा दगड झालो.

घड्याळं म्हणे. एका घरातली दोन घड्याळं कधी जुळत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सकाळी जुळवलेले कॅमेरे दुपारपर्यंत बारा गावचे बारा व्हायचे. मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याच दिवसांत भिंगरी आली. चालायला सांगितलं की आधी स्वतःभोवती गिरकी घ्यायची, म्हणून ताईनेच ते नाव ठेवलं. तिची पावलं माझ्या पुढ्यातून गेली. डावं पाऊल किंचित आत वळत होतं, इतकंच. पडद्यावर मात्र तिचा गुडघा पिळलेल्या टॉवेलसारखा दिसला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं.

"रडू नकोस गं, एकदाच दुखेल," दारातून बाहेर पडताना तिची आई म्हणाली. स्वतःच रडत होती. त्या दोघींसाठी दार उघडं धरून मी तिथे पडलो होतो.

काल टिल्लू आला, एका बसड्रायव्हरचा मुलगा. त्याचेही गुडघे पडद्यावर पिळलेले. ऑपरेशनचं नाव निघालं तसे वडील खाली मान घालून बसले. टिल्लूला मात्र तो काड्यांचा माणूस फार आवडला होता. आपण करू तसं तो करतो हे कळल्यावर मणी लावलेलाच तो खोलीभर धावत सुटला.

"बाबा, बघा ना, माझा गुडघा मागच्या बाजूला वाकला."

तो थांबला, काड्या सरळ. चालला, वाकड्या. धावला, पार मोडल्या.

"मॅडम, उभा राहिला की पाय बरा होतो का याचा?" वडिलांनी विचारलं.

हसता हसता ताई एकदम पडद्याकडे वळली. हाडच वाकडं असतं तर उभ्यानेही वाकडंच दिसलं असतं. ती तडक दाराशी आली, मला उचललं, आणि मागे दार धाडकन आपटलं. कपाटातून वायरी निघाल्या. टिल्लू पुन्हा चालला आणि मी जीव तोडून 'आत्ता, आत्ता' म्हणत राहिलो. काड्या सरळ आल्या. टाच तेवढी नीट टेकत नव्हती, तिला व्यायाम पुरणार होता. वडिलांनी आभार मानले, पण ताईने मान वर केली नाही. तिला भिंगरी आठवली असणार.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चुकायचं कॅमेऱ्यांनी आणि कापायचे पोरांचे पाय.

ताईने साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "वायरी लावल्यात ना परत? मग जुनं कशाला उकरताय? लोक उगाच घाबरतील. कुणाला फोन करायचा नाही."

घाबरू देत की लोक. दोन घटका घाबरतील आणि पोरांचे पाय वाचतील. काहींचे तर कापूनही झाले असतील. त्यांना काय तोंड दाखवणार आहात? तुमच्या स्वच्छ भिंतींचे फोटो?

भिंगरीचं ऑपरेशन उद्या आहे. फोन माझ्या शेजारीच ठेवलेला आहे. सकाळपासून ताईने तो दोनदा उचलला आणि परत ठेवला. तिलाही नोकरी आहे, घर आहे, मला समजतं. समजतं, तरी राग जात नाही. एकदा गप्प बसलीस ताई, त्याचं काय झालं ते बघितलंस.

भिंगरीच्या आईला फोन कर. साहेब बाहेर गेल्यावर नको, चहा झाल्यावर नको. मला एकच शब्द येतो, तोच तुला सांगतो.

आत्ता.