मागचा पट्टा

खट्.

लाइट गेली होती, त्यामुळे पंखासुद्धा गप्प होता. रविवारची जेवणं आटोपून करंजाड्याची आमची सगळी बिल्डिंग आडवी झाली होती, आणि त्या शांततेत हॉलमधून तो आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा, खट्.

कपड्यांच्या घड्या तशाच ठेवून मी बाहेर डोकावले. माझ्या लेकीने, भाविकाने, गाडीच्या सीटचा जुना पट्टा जेवणाच्या खुर्चीला गुंडाळला होता. स्वतः आत बसून ती त्याचा खटका लावत होती. शेजारच्या खुर्चीवर तिचा कापडी हत्ती, आणि त्याच्यापुढे स्टिअरिंग म्हणून उभं केलेलं ताट.

"कुठे निघाली स्वारी?"

"शाळेत. बोलू नकोस, सिग्नल आहे."

मला हसू आलं. त्या पट्ट्यावरून घरात केवढं रामायण झालं होतं!

गाडी माझ्या सासऱ्यांची. क्रीम रंगाची फियाट, माझ्या नवऱ्यापेक्षा, तेजसपेक्षा, वयाने मोठी. तेजस पहाटे तळोज्याला कंपनीत जातो, मी वाशीला मार्केटमधल्या ऑफिसात. शाळेच्या व्हॅनमध्ये मुलं कोंबलेली असतात, म्हणून नातीला कामोठ्याच्या शाळेत सोडायचं काम बाबांनीच मागून घेतलं. आजा आणि नात, पुढच्या अखंड सीटवर शेजारी शेजारी. भाविका ज्या पट्ट्यात बसायची तो इतका ढिला, की त्यात ती आणि तिचं दप्तर दोन्ही मावायचं. मागे तर पट्टे कधी नव्हतेच. रोज ऑफिसात पोचेपर्यंत माझं सगळं लक्ष फोनकडे असायचं.

मी विषय काढला तेव्हा बाबा उसळले. "अगो नमिता, या बिल्डिंगी नव्हत्या, भात होता, तवापासून गारी चालवतंय मी. कवा कोनाला खरचटलां नाय. आता मना बांधून ठेवतंस?"

"तुम्हाला नाही हो बाबा. भावूला."

नातीचं नाव काढल्यावर ते विरघळले.

काल कामोठ्याच्या जानूमेस्त्रीकडे गाडी नेली. त्याने मागची सीट उचकटली, गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला आणि त्यात बोल्ट बसवले. पुढे दोन नवे पट्टे, आणि मागे भाविकासाठी एक. तिने आता मागेच बसायचं, हे मीच ठरवलं होतं.

काढलेला जुना पट्टा हातात घेऊन जानू म्हणाला, "वहिनी, पट्टा खांद्यापाशी विरतो. हा बघा, खाली पोटाशी विरलाय. पोरगी रोज खालून सटकते वाटतं. मासळी आहे मासळी!"

मी हसून बाबांकडे पाहिलं. ते स्टुलावर बसले होते. हातातल्या चहावर साय धरली होती.

"बाबा?"

दुसऱ्या हाकेला त्यांनी मान वळवली. "काय गो? झाली गारी?"

नवा पट्टा हळू ओढला की मऊ मऊ येत होता. हिसका दिला की जागच्या जागी घट्ट. मी अंगातला सगळा जोर लावून हिसके दिले. हलला नाही. "यातून आता उंदीरपण सटकणार नाही," जानू म्हणाला. रात्री मला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

आणि आता हा खेळ. मी दारातच उभी राहिले. भाविकाने एकदा हत्तीकडे नीट निरखून पाहिलं. मग अंग चोरून ती पट्ट्याखालून सरकली, जमिनीवर उतरली आणि हत्तीच्या मांडीवर चापट्या मारू लागली. "आजा. ए आजा." हत्तीची सोंड हलवली, पुन्हा वर चढली. खट्.

"हत्तीला काय झालं ग?"

"हत्ती नाहीये तो. आजा आहे. झोपला होता."

"गाडी चालवताना कोणी झोपतं का, वेडाबाई?"

"डोळे उघडे असतात ग. पण झोपलेला असतो. मी मांडीवर मारलं की उठतो. मग विचारतो, पोचलो का गो?"

मी तिच्यासमोर खाली बसले. "असं कधी झालं?"

"कधी कधी होतं. पुलावर झालं ना, तेव्हा मागून ट्रक किती ओरडला!"

"मला का नाही सांगितलंस, बाळा?"

तिला प्रश्नच कळला नाही. "मोठी माणसं झोपतातच ना तशी? तूपण गॅससमोर उभी राहून झोपतेस."

चहावरची साय आठवली. मडगार्डवरचा तो पोचा आठवला, ज्याबद्दल बाबा म्हणाले होते, कोनी मारला कोन जाने. जुन्या पट्ट्याची विरलेली कड माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होती. काल मी स्वतः, केवढ्या आनंदाने, माझ्या लेकीला मागच्या सीटवर बांधून आले होते. तिथून तिचा हात आजाच्या मांडीपर्यंत पोचत नाही.

खालून हॉर्न वाजला.

जेवताना बाबा बोलले होते, मासळी आनाला जातंय, भावूला नव्या पट्ट्यात फिरवून आनतंय. मला वाटलं होतं ते अजून आतल्या खोलीत पडलेत. भाविका चपलांकडे धावली. मी तिचं मनगट धरलं.

"तू जायचं नाहीस."

"का? आजा बोलावतोय!"

"आज नाही. उद्यापण नाही. मी जाते खाली, मी बोलते आजाशी."

तिला ओढतच मी गॅलरीत आले. हाक मारून त्यांना गाडी बंद करायला सांगणार होते. फियाट गेटपाशी उभी होती, इंजिन चालू. वॉचमनने गेट सताड उघडलं होतं आणि तो हाताने 'या, या' करत होता. पलीकडून डंपर जात होते. गाडी पुढेही जाईना, मागेही येईना. वॉचमनचा हात हळूहळू खाली आला.

"बाबा!" मी ओरडले. खिडकीबाहेर काढलेला बाबांचा कोपर जरासुद्धा हलला नाही.

मी दाराकडे पळाले. लॅच उघडेना. मागून भाविकाचा आवाज आला, रडका नाही, नुसता विचारात पडलेला.

"आई, मी गाडीत नसते तेव्हा आजाला कोण उठवतं?"