पाणी मागणारी पनिकपाक

हल्ली डोळा लागला रे लागला, की उलायोकची मेलेली आई दारात यायची. अंगावरचा बर्फ झटकायची आणि म्हणायची, "पाणी दे रे." तो भांडं शोधायला उठायचा आणि नेमका तेवढ्यात जागा व्हायचा.

उत्तर टोकाच्या त्या बर्फाळ गावात कुणालाही विचारा, मेलेलं माणूस स्वप्नात पाणी मागायला लागलं, की समजायचं त्याला परत यायचंय. मग येणाऱ्या बाळाला त्याचं नाव द्यायचं, नाव घेताना बाळाच्या ओठांना पाणी लावायचं. झालं, माणूस घरी आलं! नातीसुद्धा जुनीच चालू. उलायोक आपल्या आजोबांच्या नावाचा, म्हणून आई, पनिकपाक तिचं नाव, त्याला जन्मभर 'बाबा' म्हणायची आणि वर खेकसायचीही, "बाबा, नाक पुसा आधी!" तो तिला 'लेकी' म्हणायचा.

ती गेली दक्षिणेतल्या मोठ्या शहरात, दवाखान्यात. तिथलं नळाचं पाणी तिच्या घशाखाली उतरेना. हिमनगाचा जुना बर्फ वितळवून चहा पिणारी बाई ती! तहानलेलीच गेली बिचारी. ते उलायोकच्या काळजात रुतून बसलं होतं.

आता त्याची मुलगी नौया पोटुशी होती. बाळंतपणाला बायकांना विमानानं त्याच शहरात न्यायची रीत. पण वादळ हटेना, विमान येईना, आणि आज दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. गावच्या छोट्या दवाखान्यात तिला पोचवताना उलायोकनं तिच्या उशाशी जुन्या बर्फाच्या पाण्याचा थर्मास ठेवला.

"बरंच झालं बाबा," नौया दात आवळून म्हणाली. "आजीला पुन्हा त्या शहरात कशाला उतरवायचं?"

मग तो वीजघरात गेला. गावाची वीज तोच सांभाळायचा, जाणं भागच होतं. दोन इंजिनांपैकी थोरलं महिन्यापूर्वीच बसलं होतं, त्याचा सुटा भाग त्याच न आलेल्या विमानात. सगळा गाव धाकट्याच्या जिवावर. दवाखान्याचं स्वतःचं छोटं इंजिन थंडीनं गारठून मेलेलं. धाकट्यानं मान टाकली, तर नौयाची खोली अंधारात, आणि या थंडीत बघता बघता बर्फासारखी गार. भरदुपारी बाहेर काळोख होता, सूर्य गेला तो वसंतापर्यंत तोंड दाखवणार नव्हता. भाराचा काटा लाल रेघेला टेकला होता.

शिकारीला नेतात ते बॅटरीवरचे वायरलेस गावात घरोघर सुरूच असतात, आणि त्यावर राज्य कौनाकआजीचं. उलायोकनं तिला गाठलं.

"आजी, लोकांना सांग, वीज कमी वापरा. पण हळूहळू हं. एकेका घरानं."

"अरे, येणारं माणूस वाटेवर आहे, हळूहळू कसलं!" म्हातारी फणकारली आणि साऱ्या गावाला ओरडून म्हणाली, "ऐका गं, ऐका रे! पनिकपाक येतेय. दवाखान्याला वीज हवीय. आपापल्या घरचं मोठं बटण बंद करा!"

कुणी का म्हणून विचारलं नाही. येणाऱ्याला वाट करून द्यायची, एवढंच त्यांना ठाऊक. सगळ्या गावानं एका दमात बटणं बंद केली. अति तिथे माती! ओझं एकदम उतरल्यावर इंजिन उधळलं, किंचाळलं, आणि त्याच्यातल्या राखणदार खटक्यानं त्याला जागच्या जागी बंद करून टाकलं.

दिवा गेला. शांतता पसरली. उलायोकनं जन्मात अशी शांतता ऐकली नव्हती. इंजिनाची घरघर गावाच्या श्वासासारखी, ती थांबल्यावर त्याला वाटलं आपणच थांबलो. भिंतीला बर्फ घासत होता. दाराबाहेर कुणीतरी अंगरखा झटकतंय, असं वाटलं.

"थांब लेकी," तो पुटपुटला. "आलोच."

चाचपडत त्यानं कळ दाबली. इंजिन खोकलं, गप्प झालं. पुन्हा खोकलं, गप्प. तिसऱ्यांदा खोकलं आणि धडधडू लागलं.

"आजी! नौयाकडे दिवा आला का?"

"आला, आला. मी इथंच दवाखान्याच्या दारात उभी आहे."

"आता मी सांगेपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही! घरं गारठलीत, सगळ्यांनी एकदम वीज ओढली तर हे पुन्हा बसेल. एकेक घर घे."

"ओरडू नकोस रे. चुकलं माझं. मी काय इंजिनं शिकून आलेय?"

मग कौनाकआजी एकेका घराला हाक मारू लागली. तिच्या हाका म्हणजे नात्याच्याच. "अहो नवरोबा, लावा बटण!" हा नवरोबा म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाचा, पलीकडच्या घरातला पहिलीतला पोरगा. "सासूबाई, आता तुम्ही. आणि रडणं पुरे!" सासूबाईंना नुकते दात येत होते. काटा जरासा वर चढायचा, खिडकीबाहेर उडत्या बर्फात एक पिवळा ठिपका उजळायचा. उलायोक बघतच राहिला. मेलेली माणसं एकामागून एक घरी येऊन दिवा लावत होती. त्याच्या आजोबांचा मित्र आला, कुणाचा बुडालेला भाऊ आला, भुकेच्या वर्षी गेलेली कुणाची जुळी बहीण आली. काटा मधोमध शांत उभा होता.

मग हाका थांबल्या.

"आजी? पुढचं कोण?"

त्यानं पुन्हा विचारलं. त्याचा हात इंजिनाच्या गरम कडेवर होता, तो काढायचं त्याला सुचेना.

"पुढचं नाव," आजी म्हणाली, "पनिकपाक."

मागोमाग एक बारीक, चिडकं रडणं साऱ्या गावात घुमलं.

उलायोकनं वायरलेस तोंडाशी धरला. "नौया, पाणी दिलं का गं तिला?"

"लावलं ओठांना. तुम्ही ठेवलेलंच," नौयाचा दमलेला आवाज आला. "चाटूनपुसून घेतलं, बाबा. अजून तोंड वासतेय."

"मग लाव की," उलायोक म्हणाला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. "माझ्या लेकीला तहानलेली ठेवू नका."