दोन इंची स्क्रू

तिसऱ्या लॉजच्या खोलीत बाबा गुडघ्यांवर बसून दाराची कडी काढायला लागले, तेव्हा मी ठरवलं की या माणसाला इथेच कोंडून आपण निघून जायचं. पण कोंडणार कशी? कडी त्यांच्या हातात होती.

आधीचं सांगते, नाहीतर तुम्ही मलाच नावं ठेवाल. श्रवणयंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत माझी निवड झाली होती. काम असं, की महिन्यातले पंधरा दिवस गावोगाव फिरायचं, तिथल्या दवाखान्यांत लोकांचे कान तपासायचे, यंत्रं बसवून द्यायची आणि पुढचं गाव गाठायचं. हे पहिलंच गाव. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. राहायची सोय आपली आपण करायची, कंपनी त्यासाठी ठरलेला भत्ता देणार. आणि हा भत्ता ठरवणारा माणूस शेवटचा लॉजवर कधी राहिला होता, देव जाणे.

आईने लगेच हो म्हटलं. बाबांनी ना हो म्हटलं ना नाही, गुपचूप हत्यारांची पेटी उचलली आणि माझ्याबरोबर निघाले. अट एकच. मला एकटीने राहण्याजोगी खोली इथे मिळाली तर नोकरी. नाही मिळाली तर संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने दोघांनी परत, आणि या नोकरीचा विषय पुन्हा काढायचा नाही. परतीची तिकिटं त्यांनी आधीच काढून खिशात ठेवली होती. दोन. त्या दुसऱ्या तिकिटाचा मला दिवसभर इतका राग येत होता की विचारू नका.

तुम्ही म्हणाल, चोवीस वर्षांची घोडी झालीस, बापाचं कशाला ऐकतेस? ज्याने माझ्या बाबांशी एकदा तरी भांडून बघितलंय त्यानेच हे बोलावं. ते ओरडत नाहीत. ते जेवत नाहीत. दोन दिवस नुसतं पाणी पिऊन रंधा मारत बसतात आणि घरात भुसा करून ठेवतात. तिसऱ्या दिवशी आपणच ताट घेऊन त्यांच्यापुढे उभे.

चाळीस वर्षं त्यांनी सुतारकाम केलं, त्यातही जास्त करून दारंच बसवली. त्यांचं म्हणणं असं, की कडी मनगटाएवढी जाड असली तरी ती ज्या स्क्रूंवर बसलीय ते पाऊण इंची असतील तर ते एका लाथेचं काम आहे. स्क्रू दोन इंचीच हवा. लहानपणी इतर पोरांना गोष्टी ऐकायला मिळाल्या, मला हे ऐकायला मिळालं. ते दार बसवायचे तेव्हा हातात स्क्रू धरून मी शेजारी बसायचे आणि त्यांनी हात पुढे केला की एकेक द्यायचे.

तर सकाळी दहाला आम्ही गाडीतून उतरलो. पहिल्या लॉजवर काउंटरच्या माणसाने मान वर न करताच सांगितलं की एकट्या बाईला खोली मिळणार नाही. का, विचारलं, तर म्हणे सुरक्षेचा प्रश्न. म्हणजे बाईला धोका नको म्हणून तिला आत घ्यायचं नाही, रस्त्यावर ती एकदम सुखरूप. फॅमिली असेल तर देतो, म्हणाला. बाबा म्हणाले, मी फॅमिलीच आहे. मग तुम्हीही राहा, तो म्हणाला. बाबा म्हणाले, मी राहणार नाही, ती राहणार आहे. त्यावर त्या माणसाने आमच्या दोघांकडे असं काही पाहिलं की मी बाबांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. त्यांच्या दुसऱ्या हातात पेटी होती आणि पेटीत हातोडी.

दुसरा लॉज चकचकीत होता. जिन्यात आरसे, कुंड्या, गळ्यात टाय बांधलेला मॅनेजर. भाडं माझ्या भत्त्याच्या तिप्पट. मी तिथूनच मागे फिरणार होते, पण बाबांना दार बघायचंच होतं. त्यांनी बोटाने टकटक केलं, कान लावला आणि मॅनेजरला शांतपणे सांगितलं की तुमच्या दारात लाकूड नाही, पुठ्ठा आहे. मॅनेजर म्हणाला, आजवर कोणी तक्रार केली नाही. बाबा म्हणाले, पुठ्ठ्याने तरी का करावी. मला हसू आलं आणि हसू आल्याचाही राग आला, कारण साडेअकरा वाजून गेले होते.

तिसरा लॉज खरं म्हणजे बरा होता. स्वच्छ चादरी, नळाला पाणी, भाडं भत्त्यात बसणारं. मी मनातल्या मनात कपडे हँगरला लावलेसुद्धा. आणि मॅनेजर रजिस्टर आणायला खाली गेला तेवढ्यात बाबांनी पेटी उघडली. तो परत आला तर दाराला कडी नाही. बाबांनी ते पाऊण इंची स्क्रू तळहातावर घेऊन त्याच्या नाकाखाली धरले आणि त्याला शिकवायला लागले. पुढचं काय सांगू? लॉजची मोडतोड केली म्हणून पोलिसांना बोलावण्यापर्यंत गोष्ट गेली. मी हातापाया पडून, कडी परत बसवून घेऊन, दोघांना तिथून सोडवलं.

रस्त्यावर येऊन मी बाबांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात एवढंच, की तुम्हाला खोली शोधायचीच नाहीये, तुम्हाला साडेपाच वाजायला हवेत.  बाबांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली. अशा वेळी त्यांच्या गप्प बसण्याने माणसाच्या अंगाचा तिळपापड होतो.

मग आणखी दोन ठिकाणं झाली. एका खोलीच्या खिडकीला गज नव्हते आणि दुसऱ्या ठिकाणी मालकच मला दारापेक्षा जास्त निरखत होता. त्या दोन्हींना मीच नाही म्हटलं. तीन वाजले. पाय दुखत होते, पोटात फक्त चहा होता, आणि पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की बाबांचंच खरं ठरणार. रडूच फुटायचं बाकी होतं.

आम्ही बसस्थानकावरच्या बाकावर येऊन बसलो. समोर तिकीट खिडकीत एक बाई होत्या. तिथून वर्दीतली एक कंडक्टर बाई हसत बाहेर पडली आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. या बायका मुक्कामाला येतात तेव्हा झोपतात कुठे? मी उठून खिडकीशी गेले आणि तेच विचारलं. त्या बाईंनी सुट्टे पैसे मोजता मोजताच सांगितलं की मागच्या गल्लीत लॉन्ड्री आहे, तिच्यावरच्या मजल्यावर. नर्सबाई, परीक्षेला आलेल्या मुली, कंडक्टर, सगळ्या तिथेच. बोर्ड नाही. लॉन्ड्रीवाल्या काकूंना विचारायचं. सकाळपासून दोघांनी इतक्या पुरुषांना विचारलं, आणि उत्तर या खिडकीत बसलं होतं. स्वतःच्या अकलेची कीव आली.

काकू इस्त्री करत होत्या. त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं, दवाखान्यात फोन करून खात्री करून घेतली आणि नियम सांगितले. रात्री नऊला खालचं दार बंद. खोलीत स्वयंपाक नाही. आणि पुरुषांना जिन्याच्या वर पाय ठेवायचा नाही, मग तो बाप असो, भाऊ असो की आणखी कोणी. भाडं भत्त्यात बसून चहापाण्याला उरेल एवढं होतं.

बाबांचा चेहरा पडला. दार न बघता हा माणूस मला सोडून जाणं शक्य नव्हतं. मी काकूंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तिकिटांसकट. त्यांनी इस्त्री उभी ठेवली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, दहा मिनिटं, मी बरोबर येणार.

खोली छोटी होती. एक पलंग, एक टेबल, गज असलेली खिडकी. दार जुनं, भरीव. बाबांनी टकटक केलं, कान लावला. बिजागऱ्या पाहिल्या, चौकट पाहिली. मग माझ्या देखत, काकूंच्या देखत, त्यांनी पेटी उघडली. मी नको नको म्हणेपर्यंत पहिला स्क्रू फिरायला लागला होता.

तो फिरत राहिला. फिरतच राहिला. बाहेर आला तो पूर्ण दोन इंची. दुसराही तसाच. तिसरा, चौथा, सगळे दोन इंची. बाबा ते हातात घेऊन जमिनीवर बसून राहिले.

"बरोबर आहेत," ते म्हणाले.

"अहो, बरोबर होते," काकू म्हणाल्या. "अकरा वर्षं त्या कडीला कोणी हात लावला नव्हता. आता ती तुमच्या मांडीवर आहे."

बाबांनी घाईने पहिला स्क्रू परत घातला. तो लाकडात धरेना. जुन्या लाकडातला स्क्रू एकदा काढला की त्याचं भोक सैल होतं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. गावातला एकुलता एक धड दरवाजा शोधून काढला आणि माझ्या सुतार बापाने तो स्वतःच्या हाताने खिळखिळा केला. मी भडकणार होते. पण ते तोच स्क्रू पुन्हा पुन्हा त्याच सैल भोकात फिरवत होते.

"बायकांच्या एका वसतिगृहाची दारं मी बसवली होती," ते स्क्रूंकडे बघत म्हणाले. "कंत्राटदाराने पाऊण इंची दिले. मी म्हटलं, चालतंय. कोणीतरी एका मुलीचं दार लाथेने उघडलं. ओरडल्यावर माणसं धावली, ती वाचली. पण नोकरी सोडून घरी गेली. तेव्हा ती तुझ्या आताच्याच वयाची होती."

 आयुष्यभर ज्या वाक्याची मी टिंगल केली ते कुठून आलं होतं हे मला आज, या खोलीत, असं कळत होतं. काकूंनी घड्याळ पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं सगळं, पण नियम तो नियम. दहा मिनिटं झाली, म्हणाल्या, तुम्ही आता खोलीबाहेर व्हा.

"स्क्रू द्या," मी हात पुढे केला.

बाबांनी कडी, स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिले आणि ते दाराबाहेर गेले. काकू त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या. मी देवघरातली असते तशी साधी काड्यापेटी काकूंकडून मागून घेतली, काड्यांची टोकं मोडली, सैल भोकात दोन दोन काड्या ठोकल्या आणि स्क्रू पिळायला लागले. बाबा बाहेरून सूचना देत होते. सरळ धर. जोर खांद्यातून लाव. मला माहीत आहे, मी म्हणत होते. शेवटच्या स्क्रूने लाकूड असं घट्ट धरलं की माझा तळहात सोलवटला. मग मी दार लोटलं आणि आतून कडी घातली.

"ढकला," मी म्हटलं.

त्यांनी खांदा लावला. दार कुरकुरलं. पुन्हा लावला, या वेळी पाऊल मागे घेऊन, सगळ्या वजनानिशी. कडी जागची हलली नाही. बाहेर बराच वेळ त्यांच्या धापांचा आवाज येत होता.

"उघडू का बाबा?"

"नको," ते म्हणाले. "कडी लावली की उघडायची नाही. कोणीही सांगितलं तरी. मी सांगितलं तरी."

मग जिन्यावरून त्यांची पावलं आणि पेटीचा खडखडाट खाली जाताना ऐकू आला. पायाही पडले नव्हते त्यांच्या, जेवलात का तेही विचारलं नव्हतं. दिवसभर ज्यांनी मला वैताग आणला ते जात होते, आणि माझा हात कडीवर होता, आणि मी ती उघडली नाही.

पावणेसहाला बाबांचा फोन आला. गाडी सुटली होती. कंडक्टरने शेजारची जागा दुसऱ्याला द्यायची म्हटलं तर बाबांनी ते दुसरं तिकीट दाखवून भांडण केलं आणि त्या जागेवर पेटी ठेवली.

"कडी?" त्यांनी विचारलं.

"लावलेलीच आहे," मी म्हटलं. मी अजून दारामागेच उभी होते.