मामीचं मनगट

नर्सिंगची प्रवेशपरीक्षा पुढच्या रविवारी होती आणि घरात तिला सगळे आधीच सिस्टर म्हणत होते.

नाव मामीने ठेवलं. आई दुसऱ्या गावी नोकरीला, म्हणून ती अभ्यासासाठी मामाकडे राहायला आली, त्याच दिवशी. मामी शाळेचे गणवेश शिवायची. बाहेरच्या खोलीत मशीन, मशीनच्या एका बाजूला बाह्या न लावलेल्या शर्टांचा ढीग, दुसऱ्या बाजूला नुसत्या बाह्यांचा, आणि खिडकीजवळ सिस्टरचं टेबल. ते मुळात कापड कापायचं टेबल. मामी आता जमिनीवर बसून कापायची. "गुडघ्यांना तेवढाच व्यायाम," म्हणायची.

चूक की बरोबर ते सांगा.

सिस्टर भांडी घासायला उठली की मामी तिला हाकलते. (बरोबर. "हात खराब करू नकोस. उद्या इंजेक्शनं द्यायचीत.")

सिस्टर मागच्या वर्षी हीच परीक्षा नापास झाली, हे शेजाऱ्यांना माहीत आहे. (चूक. मामीने सगळ्यांना सांगितलंय की ऐन वेळी ताप आला, पेपर दिलाच नाही.)

सिस्टरने हे एकदा तरी खोडून काढलं. (____)

शेजारपाजारचे औषधं घेऊन यायचे. ही गोळी जेवणाआधी की नंतर? पाकिटावर जे लिहिलेलं असे तेच ती वाचून दाखवायची आणि लोक मान डोलवायचे. पहिल्यांदा तिला ओशाळल्यासारखं झालं. पुढे सवय झाली. पुढे तर कुणी आलं नाही की चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

बुधवारी दुपारी मशीन थांबलं.

तसं ते दिवसात कितीदा तरी थांबायचं. दोरा तुटला, बॉबिन संपली, सुई मोडली. पण मग मामीची बडबड सुरू व्हायची. या वेळी मशीनही गप्प आणि मामीही. सिस्टरने वर पाहिलं. मामी दोन्ही हात मशीनवर टेकून बसली होती. कपाळावर घाम, ओठ पांढरेफटक.

"घेरी आल्यासारखं झालं जरा," मामी म्हणाली. "जाईल."

मामा नुकताच जेवायला आला होता. तो शाळेची गाडी चालवायचा. काढलेल्या चपला त्याने परत पायात घातल्या. "चल, दाखवून येऊ."

"आणि पोरांना घरी कोण सोडणार? तुमचा डॉक्टर?"

"सोडेल दुसरा कुणीतरी. चल म्हणतो ना."

"बाह्या कोण लावणार मग? तोच दुसरा कुणीतरी?"

मामाने हात टेकले. "सिस्टर, तू तरी बघ गं. तुझं तरी ऐकेल."

ती उठली. मामीचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ________________, आणि म्हणाली, "ऐंशी. नॉर्मल आहे."

(रिकामी जागा पुढे भरू.)

तिला विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर झालं होतं. तरी ती बोलत राहिली. "पित्त असेल. सकाळपासून पोटात काही नाही ना तुझ्या? पडून राहा. बरं वाटेल." बोलताना तिचा आवाजही बदलला होता. क्लासच्या मॅडमसारखा झाला होता.

"घ्या. रिपोर्ट आला," मामी म्हणाली.

मामा हसला. त्याचे खांदे खाली आले. चार घास खाऊन तो गाडी घेऊन गेला. मामी काही पडून राहिली नाही.

गुरुवारी सकाळी मामी मशीनवरून खाली कोसळली.

जोड्या लावा.

मामी : स्ट्रेचर
मामा : एक पाय अनवाणी
मामीच्या हृदयाचे ठोके : मिनिटाला छत्तीस
सिस्टर :

"हृदयाला ठोक्याचा इशाराच नीट पोचत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "आता तात्पुरती वायर घालतोय. पुढे पेसमेकर बसवावा लागेल. त्रास कधीपासून होता?"

"काल दुपारपासून," मामा म्हणाला.

"मग काल का नाही आणलं?"

सिस्टर मामाच्या मागेच उभी होती. आता तो वळेल, असं तिला वाटलं. तो वळला नाही.

"माझीच अक्कल गहाण पडली होती, डॉक्टर," तो म्हणाला.

आत मामीला तारा लावत होते. दार अर्धवट उघडं होतं. एका नर्सने मामीचं मनगट हातात घेतलं. तीन बोटं शेजारी शेजारी, आडवी टेकवलेली. अंगठा बाजूला, कुठेच न टेकलेला.

रिकामी जागा भरा.

तिने मामीचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, *अंगठा दाबून ठोके मोजले*, आणि म्हणाली, ऐंशी.

अंगठ्यात स्वतःची नाडी उडत असते. दुसऱ्याच्या मनगटावर तो दाबला की आपल्याला आपलीच लागते. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. त्याच बुधवारी सकाळी क्लासच्या सराव परीक्षेत हा प्रश्न होता. नाडी मोजताना काय वापरू नये? (ड) अंगठा. तिने (ड)वर गोल केला होता. सरांनी तिचा पेपर वर धरून वर्गाला दाखवला होता, बघा, असा सोडवायचा. पण पेपरात मनगट नव्हतं. खरं मनगट धरायची वेळ आली तेव्हा हात त्याच्या त्याच्या सवयीने गेला, कुणाचाही हात धरायला जातो तसा. ऐंशी ठोके तिचे होते. सगळे आपल्याकडे बघताहेत या आनंदात असलेल्या एका धडधाकट मुलीचे. मामीच्या मनगटात काय चाललं होतं ते तिने ऐकलंच नाही.

बाहेर बाकावर मामा फोनवर फोन घेत होता. प्रत्येकाला तेच. "हो, कालच आणायला हवं होतं. नाही, नाही, तिने काही लपवलं नाही. माझंच चुकलं. मी गाडी घेऊन निघून गेलो." सिस्टरने आणून दिलेला चहा बाकावर निवून गेला होता.

कसं सांगायचं?

(अ) मामा, मोजण्यात माझी थोडी चूक झाली.
(ब) मामा, एक सांगायचंय, पण परीक्षा झाल्यावर.
(क) मामा, तू चहा घे ना.

(अ)मधला 'थोडी' खोटा. (ब) म्हणजे कधीच नाही. (क) ती दोनदा म्हणून झाली होती.

"मामा, काल मी मोजली ती मामीची नाडी नव्हती."

"मग कुणाची?"

"माझी."

त्याला कळेना. तिने अंगठ्याचं सांगितलं, पेपरातल्या प्रश्नाचंही सांगितलं. गाडीत कुठेतरी खडखड होतेय आणि नेमकी कुठे ते शोधायचंय, तसं मान तिरकी करून तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने निवलेला चहा बाकाखाली सरकवला.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला.

"पण मामा..."

"शुद्धीवर आल्या आल्या नर्सना काय सांगत होती, ऐकलंस? माझी भाची पण नर्स होणारे. तेवढं एक तोंडभरून सांगण्यासारखं आहे तिच्याकडे. ते राहू दे." मग म्हणाला, "आणि माझ्यासमोर रडू नकोस. मला राग येईल."

ती जिन्यात जाऊन रडली.

पेसमेकर बसवून शनिवारी मामीला वॉर्डात आणलं. गळ्याखाली पट्टी, डावा हात झोळीत, पण चेहऱ्यावर रंग आलेला आणि तोंड सुरू. शेजारच्या खाटेवरच्या आजींची सगळी कुळकथा तासाभरात ऐकून झाली होती. आता मामीची पाळी होती.

"ही माझी भाची. उद्या परीक्षा आहे हिची. त्या दिवशी हिनेच तर नाडी बघितली. पडून राहा म्हणाली होती हो, मीच मेली ऐकलं नाही. बाह्या लावत बसले. ऐकलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. यांनाही उगाच बोल लागला माझ्यापायी."

मामा खिडकीबाहेर बघू लागला.

"गुणाची गं पोर," आजी म्हणाल्या. त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला. "माझीही बघ बाई. इथे कुणाला उभं राहायला वेळ नाही."

"बघ ना," मामी म्हणाली. "लाजतेस काय?"

मनगट बारीक होतं, निळ्या शिरांचं. आता तिला येत होतं. गेले दोन दिवस ती स्वतःच्या मनगटावर तेवढंच करत होती. तीन बोटं टेकवली असती, खरा आकडा सांगितला असता, आजी खूश, मामी खूश. मामानेही खिडकीतून मान वळवली नसती.

"मामी, तू पडून राहिली असतीस तरी हेच झालं असतं."

"काहीतरीच. तूच म्हणालीस ना?"

"मी अंगठा ठेवला होता. तसा ठेवायचा नसतो. त्यात आपलीच नाडी लागते. ऐंशी ते माझे होते. तुझी मी बघितलीच नाही. मामा तुला डॉक्टरकडे नेत होता, माझ्यामुळे नेलं नाही."

"अगं," मामा म्हणाला.

मामीने आधी मामाकडे पाहिलं. त्याला हे माहीत होतं, हे तिला त्याच्या पाठीवरून कळलं असावं. मग झोळीतल्या हाताकडे पाहिलं. तो वळवून त्या दिवशी धरलं होतं ते मनगट वर करायला गेली, पण झोळीत तो वळेना.

आजींचा हात अजून पुढेच होता. त्यांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा मामीकडे. मग हात हळूच मागे घेतला आणि पांघरुणाखाली सरकवला.

"अजून परीक्षा व्हायचीय तिची," मामी त्यांना म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

ती खाटेजवळ उभी राहिली. बसायला स्टूल होतं.