फूलबाजारातले अडीच तास

शॉमबर्गला परतल्यावर एकनाथने भेटेल त्याला बँकॉकची हकीकत रंगवून सांगितली, पण त्या अडीच तासांविषयी तो कुणापाशी बोलला नाही.

पंच्याऐंशी सालच्या जानेवारीत, भाचीचं लग्न उरकून पुण्याहून परतताना त्याने वाटेत मुद्दाम तीन दिवस बँकॉकला काढले, ते बायकोसाठी, सुमित्रेसाठी. दोन वर्षांपूर्वी एक्स्प्रेसवेवर बर्फात त्यांची गाडी गरगर फिरली होती. दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण तेव्हापासून सुमित्रेने स्टिअरिंगला हात लावला नाही. पुढेपुढे ती गाडीत बसायलाही तयार होईना, आणि जिथे दूध आणायलासुद्धा गाडी लागते अशा त्या अमेरिकन गावात ती दिवसचे दिवस पडदे ओढून घरात बसून राहू लागली. बँकॉकमध्ये निदान नावेतून हिंडता येईल, असं एकनाथला वाटलं होतं.

आणि तसं झालंही. चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांनी मढवलेली नदीकाठची शिखरं, आडव्या पहुडलेल्या बुद्धाच्या तळव्यांवरचं शिंपल्याचं नक्षीकाम, सारं तिने त्याची बाही घट्ट धरून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते फुलांच्या बाजारात गेले. मिटलेल्या कमळांच्या जुड्या, झेंडूचे ढीग, ओल्या फरशीवर माणसांची दाटी. मोगऱ्याचा एक गजरा तिच्यासाठी निवडायला एकनाथ खाली वाकला, आणि वळून पाहतो तो बाहीवर हात नव्हता.

त्याने सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. जवळच्या पोलीस चौकीत नाव, वर्णन, निळ्या काठाची साडी, हॉटेलचा आणि शॉमबर्गचा पत्ता लिहून दिला. एवढ्याशा आवाजाने दचकणारी ही बाई या गर्दीत एकटी काय करत असेल, या विचाराने तो पुन्हा पुन्हा त्याच गल्ल्यांतून धावत होता. शेवटी अडीच तासांनी बाजारामागच्या एका लहानशा देवळाच्या अंगणात ती दिसली. चाफ्याखाली मांडी घालून, अगदी शांत बसली होती.

"अहो, किती वेळ लावलात," ती हसून म्हणाली.

एकनाथला तिथेच रडू कोसळलं. चौकीत जाऊन कळवायचं त्या आनंदात राहूनच गेलं. संध्याकाळच्या विमानाला जाताना टॅक्सीचं दार सुमित्रेने स्वतः उघडलं आणि ती आत बसली.

घरी आल्यावर तिने पडदे बाजूला सारले. पंधरा दिवसांत गाडी बाहेर काढली. तिच्या मैत्रिणीचा, मालिनीचा फोन आला, "भाऊजी, काय जादू केलीत हो? एवढ्या स्नोमध्ये माझ्याकडे ड्राइव्ह करत आली ती!" एकनाथच्या छातीवरचा दगड उतरला. घरात पुन्हा फोडण्यांचे वास आले, माणसं आली, हसणं आलं.

एकच गोष्ट त्याच्या मनात कुठेतरी अडकली. चहा घेताना ती हल्ली म्हणायची, "आपलं लग्न कसं झालं, सांगा ना." तो सांगायचा, हॉल, पंगत, तिच्या मामांनी घातलेला घोळ. ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकायची. मध्येच विचारायची, "मग मी काय म्हटलं?" दुसऱ्या दिवशी तेच ती मालिनीला सांगायची, शब्दही न बदलता. एकनाथला तेव्हा जरा चमत्कारिक वाटायचं, पण इतक्या गोडीने त्याचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी बँकॉकहून पत्र आलं. सुमित्रा स्वयंपाकघरात गुणगुणत होती. चौकीतल्या अधिकाऱ्याने इंग्रजीत टाइप केलं होतं. ज्या हरवल्याची आपण नोंद केली होती त्या आपल्या पत्नी, आपण गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सापडल्या. त्या भिक्षुणींच्या आश्रमात सुरक्षित आहेत. पासपोर्ट नसल्याने आणि फार घाबरलेल्या असल्याने माहिती मिळायला वेळ लागला. आपला पत्ता, लग्नाची तारीख त्यांना तोंडपाठ आहे. वकिलातीत न्यायचं म्हटलं तर त्या कोणत्याही गाडीत बसत नाहीत. आपण स्वतः यावं, एवढंच त्या म्हणतात. सोबत फोटो जोडला आहे.

फोटो पाकिटात पालथा होता. एकनाथने तो अर्धवट बाहेर ओढला, कोपऱ्यात साडीचा निळा काठ दिसला आणि त्याने तो पुन्हा आत सरकवला.

तो टेबलापाशी बसला. काहीतरी गफलत आहे, त्याने स्वतःला बजावलं. दुसरीच कुणी बाई असेल, बिचारी. मग त्याने एक कागद घेतला आणि सुबक अक्षरात लिहिलं: आपल्या तसदीबद्दल आभारी आहे. माझी पत्नी माझ्याजवळ सुखरूप आहे. त्या बाईंना मी ओळखत नाही.

फोटो त्याने त्या कागदासोबत नव्या पाकिटात घालून परत पाठवला. कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत ते पडल्याचा आवाज ऐकला आणि त्याला एकदम हलकं वाटलं, इतकं की परतताना तो शेजाऱ्याच्या कुत्र्याशीही दोन शब्द बोलला. हिरवळीवरचं शेवटचं बर्फ वितळत होतं. ऊन छान होतं.

सुमित्रा दारातच उभी होती. पत्राविषयी तो तिला एका अक्षराने बोलला नव्हता.

"टाकलंत?" तिने विचारलं.

"हो."

तिने कितीतरी दिवस रोखून धरलेला श्वास सोडला, आत आली, आणि आपल्याच घरात बसावं तशी खुर्चीला पाठ टेकून बसली.